वेणी आणि नीटनेटकेपणाचा न्याय

केसांच्या वेण्या घातल्या म्हणून कोणाची नोकरी जाऊ नये, कोणा विद्यार्थिनीस शाळेतून घरी धाडले जाऊ नये, असा कायदा अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०१९ साली केला व पुढे इतर अनेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले. ही हकीकत कानी पडली की आमच्या सुशिक्षित मंडळींच्या मुखावर स्मित उमटते. ‘आज केसांकरिता कायदा, उद्या नखांकरिता!’ असा विनोदही होतो. हा विनोद अज्ञानमूलक आहे. आणि ज्या समाजाने केसांच्या नावाने स्वतःच्याच लेकीसुनांचा छळ केला, त्याच्या तोंडी तर तो मुळीच शोभत नाही, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम ही वेणी कशासाठी घालतात ते पाहू. आफ्रिकी वंशाच्या बहुसंख्य लोकांचे केस दाट वळणांचे असतात. टाळूतून पाझरणारा स्निग्ध अंश सरळ केसावरून टोकापर्यंत सहज उतरतो. वळणावळणाच्या केसावरून तो उतरत नाही. म्हणून टोके कोरडी राहतात आणि प्रत्येक वळणापाशी केस तुटण्याचा संभव असतो. रोज खसखसून विंचरणे हा आमच्या घरी सद्गुण. त्या केसांचा त्यानेच घात होतो. यावर त्या समाजातील स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेला उपाय असा: केस धुवावे, ते ओलसर असतानाच रुंद दात्यांच्या फणीने टोकाकडून मुळाकडे गुंता सोडवीत जावे, तेल चोळावे, टाळूवर भांग पाडून लहान लहान चौकोन करावे, आणि एकेका चौकोनातील केसांची तीन पेडांची वेणी घालून टोके आत दडवावी. रात्री डोक्यास रेशमी रुमाल बांधावा, म्हणजे उशीचे सुती कापड केसांतील ओलावा शोषून घेत नाही. मग काही आठवडे केसांना फणीपासून विसावा मिळतो. घरच्या घरी, आईच्या वा बहिणीच्या गुडघ्यांशी बसून, तासन्‌तास चालणारे हे काम आहे. प्रथमच करू पाहणारीचा भांग वाकडा जातो, हात भरून येतात, निम्म्या वेण्या उसवून पुन्हा घालाव्या लागतात. इतक्या निगुतीने केलेल्या गोष्टीला ‘अव्यवस्थितपणा’ म्हणणाऱ्याने ती कधी जवळून पाहिलेलीच नसते.

पण आक्षेपकांचे पहिले शस्त्र हेच आहे. ते म्हणतात, संस्था चालवायची तर नीटनेटकेपणाचा काही नियम हवा. हवा, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु त्याचे माप कोणाच्या डोक्यावरून घेतले? १७८६ साली, लुइझियाना प्रांत स्पेनच्या ताब्यात असताना, तेथील गव्हर्नर मिरो याने कृष्णवर्णीय व मिश्रवर्णीय स्वतंत्र स्त्रियांनी केस रुमालाखाली झाकावे असा हुकूम काढला. त्या स्त्रियांचे केस गबाळे होते म्हणून हा हुकूम निघाला नाही. ते डोळ्यांत भरण्याइतके देखणे होते, म्हणून निघाला. २०१६ साली दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया येथील एका शाळेतील मुलींना आपले केस जसे उगवतात तसे ठेवण्यासाठी निदर्शने करावी लागली, तेव्हा कोठे शाळेचे ते कलम स्थगित झाले. ज्या देशात ते केस बहुसंख्यांच्या मस्तकावर आहेत, त्या देशात तेच नियमबाह्य ठरावे, याला नीटनेटकेपणा म्हणावे की उद्दामपणा?

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे: कातडीचा रंग पालटता येत नाही, वेणी तर सोडता येते, मग तक्रार कसली? १९८१ साली न्यूयॉर्कमधील एका न्यायालयाने याच तर्कावर एका विमान कंपनीच्या कृष्णवर्णीय नोकर स्त्रीविरुद्ध निकाल दिला. तिने टाळूलगत गुंफलेल्या बारीक वेण्या घातल्या होत्या. निकालपत्रात असाही उल्लेख आहे की, ही केशरचना एका गोऱ्या नटीने चित्रपटात लोकप्रिय केल्यानंतर थोड्याच काळाने वादी प्रथम तशा वेण्या घालून कामावर आली. म्हणजे शतकानुशतकांची घरची विद्या एका चित्रपटाची नक्कल ठरली! शिवाय वेणी सोडली तर पुढे काय? केस सरळ करणे, असाच पुष्कळदा उत्तराचा मथितार्थ असतो. आणि त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कित्येक लेपांत दाहक क्षार असतो, त्याने टाळू भाजते. ‘सहज पालटता येते’ या तीन शब्दांत एवढे सारे सामावलेले आहे.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे, म्हणून तो लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. फार आवळून घातलेल्या वेणीने कपाळालगतचे व कानशिलांवरचे केस झडतात. ताण दीर्घकाळ राहिला तर तेथे पुन्हा केस येतही नाहीत. पण हा दोष आवळणाऱ्या हाताचा आहे. वेणी दुखली तर ती घट्ट झाली, मुळाशी पुटकुळ्या आल्या तर ती सोडावी, हे अनुभवी स्त्रिया जाणतात. यावर इलाज शिकविण्याचा आहे, बंदीचा नव्हे. आमच्याकडेही घट्ट अंबाड्याने असेच केस जातात; म्हणून अंबाड्यावर कोणी कलम लावलेले नाही.

आता स्वतःकडे वळू. महाराष्ट्रातील उच्चवर्णीयांनी कित्येक पिढ्या विधवांचे केशवपन केले आणि त्याला धर्म म्हटले. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या मस्तकावर वस्तरा न चालविण्याचा निश्चय केला. मस्तक एकीचे आणि त्याविषयीचा निर्णय मात्र दुसऱ्याचा, हे पाप काय असते ते त्या कष्टकऱ्यांना कळले होते. तिकडे केस झाकण्याची वा सरळ करण्याची सक्ती, इकडे ते उतरविण्याची. अधिकाराचा उन्माद एकच. ज्यांच्या घराण्यांच्या इतिहासात हे पान आहे, त्यांनी केसांविषयीच्या कायद्याला हसावे, हे आश्चर्य होय.

आणि ते पान पुरतेपणी उलटले आहे असेही नाही. आमच्याच घरांत कुरळ्या केसांच्या मुलीला ‘झिंज्या आवर’ म्हणून कोरड्या केसांत बारीक फणी खुपसली जाते आणि ती रडली की तिलाच दोष दिला जातो. म्हणून आमची सूचना साधी आहे. शाळांच्या चालकांनी आपल्या नियमावलीतील केसांविषयीची कलमे एकदा वाचून पाहावी. त्यांतील कोणते स्वच्छतेसाठी व सुरक्षिततेसाठी आहे आणि कोणते केवळ पाहणाऱ्याच्या सवयीसाठी, याची निवड करावी. पहिले अवश्य ठेवावे. दुसरे काढून टाकावे.