टीम म्हंजे का दुकान हाय का?



या सदरात एरवी मुलांचे शिक्षण, घरातले आजारपण, लग्नातला नको तो खर्च असे विषय येतात. आज फुटबॉलवर लिहितो आहे म्हटल्यावर काही भगिनी पान उलटतील. त्यांनी जरा थांबावे, कारण हा विषय मला एका आईनेच दिला.

आमच्या आर्णीत तिचे घर विहारामागच्या गल्लीत. मुलगा लहानपणापासून चेंडूच्या मागे. गावात क्रिकेटचे सामने भरतात, कबड्डीला गर्दी जमते, पण हा पावसाळ्यात चिखलात एकटा चेंडू मारत बसायचा. पंधराव्या वर्षी तो पुण्याच्या बाजूला एका लहानशा खाजगी निवासी अकादमीत गेला. नाव घेत नाही, आणि पुढे ज्या संघांची नावे येतील त्यांच्याशी तिचा संबंध नव्हता. घरची सोयाबीन विकून पहिली फी भरली. दीड वर्षाने फाटकाला कुलूप लागले. पोरगा रात्रीच्या ट्रॅव्हल्सने एक पिशवी आणि बुटांचा जोड घेऊन परत आला. पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "भाऊ, पोट्टं वापस आलं. म्हनते टीमच बंद पडली. टीम म्हंजे का दुकान हाय का, शटर पाडलं अन् गेले?"

त्या दिवशी मी तिला धड उत्तर देऊ शकलो नाही. नंतर मात्र तो प्रश्न डोक्यातून गेला नाही, कारण मी स्वतः पुण्याच्या संघाचा चाहता. पिंपरीला बहिणीकडे गेलो की बालेवाडीचा सामना चुकवायचा नाही, असा माझा नेम होता. तो संघही असाच शटर पाडून गेला.

पुण्याचा हिशेब मांडला तर मन खट्टू होते. पुणे एफसी हा संघ २००७ साली निघाला, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला आणि २०१५ साली बंद झाला. भारत एफसी एकच हंगाम खेळला, तोही २०१५ लाच संपला. डीएसके शिवाजीयन्स २०१७ साली गेला. आणि इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी, २०१४ ला जन्मलेला, २०१९ ला मिटला. एका शहरात पाच वर्षांच्या आत चार व्यावसायिक संघ बंद पडले. हे शहर गरीब नाही, तिथे मैदाने आहेत, कारखाने आहेत, खेळणारी पोरेही आहेत. मग संघ का टिकत नाही?

मी पाहिलेल्या पुणे सिटीपुरते सांगतो. पहिल्याच वर्षी फ्रान्सचा विश्वविजेता दाविद त्रेझेगे आणला. आम्ही खुळ्यासारखे आनंदलो. दुसऱ्या वर्षी रुमानियाचा आद्रियान मुतू आला. दोघेही आपल्या काळातले बडे खेळाडू, पण आपला काळ मागे ठेवून आलेले. प्रशिक्षकांचे तर विचारूच नका. कोलोम्बा, प्लॅट, हबास, पोपोविच, पोर्तुगाल, मग हंगामी म्हणून प्रद्युम रेड्डी, शेवटी फिल ब्राऊन. पाच हंगामांत सात जण. दर वर्षी नवा गुरुजी, नवा धडा, आणि मुले पहिल्याच इयत्तेत. एकाच वर्षी, २०१७-१८ मध्ये, घडी बसली. संघ चौथा आला, उपांत्य फेरीत गेला. बालेवाडीत बंगळुरूला शून्य-शून्यवर रोखले तेव्हा वाटले, आता आपले दिवस आले. बंगळुरूला जाऊन ३-१ ने हरलो. सुनील छेत्रीने एकट्याने तीन गोल केले. पुढच्या वर्षी सातवा क्रमांक, आणि त्यानंतर मालकांची आर्थिक घडी विस्कटली. संघ संपला.

आता खरी गंमत ऐका. पुण्याची लीगमधली जागा २०१९ साली हैदराबादने घेतली. बरेच खेळाडू तेच, प्रशिक्षकही तोच फिल ब्राऊन. पहिला हंगाम इतका वाईट की १८ सामन्यांत जेमतेम १० गुण, दहा संघांत दहावे. आता बुडलेला संघ कसा उभा करायचा याचा धडा याच संघाने पुढच्या दोन वर्षांत घालून दिला. मानोलो मार्केझ नावाचा स्पॅनिश प्रशिक्षक आला. मोठ्या नावांच्या मागे न लागता त्याने विशी-एकविशीची देशी पोरे मैदानावर उतरवली. आकाश मिश्रा, आशिष राय, लिस्टन कुलासो, मोहम्मद यासिर ही नावे तेव्हा कोणाला ठाऊक होती? चुकले तरी पुढच्या सामन्यात पुन्हा तीच पोरे. गोल करायला ओगबेचेसारखा मुरलेला परदेशी गडी पुढे आणला, पण तो या पोरांच्या आधाराला होता. पहिल्या वर्षी पाचवा क्रमांक, थोडक्यात हुकले. कोणी प्रशिक्षक बदलला नाही. दुसऱ्या वर्षी थेट अंतिम सामना.

तो दिवस २० मार्च २०२२, रविवार. ही तारीख आपल्या घरात लहान पोरालाही सांगावी लागत नाही. सकाळी विहारात चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे स्मरण केले, भाषणे झाली, आणि रात्री मी, तो परत आलेला पोरगा आणि त्याचे चार मित्र माझ्या घरी टीव्हीसमोर बसलो. गोव्यात फातोर्ड्याला सामना. केरळने आधी गोल केला. शेवटची दोन-तीन मिनिटे उरली असताना गोव्याच्या साहिल तावोराने लांबून असा फटका मारला की सौ. स्वयंपाकघरातून धावत आली, काय फुटले म्हणून. बरोबरी. पेनल्टीवर गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणीने तीन फटके अडवले आणि हैदराबाद ३-१ ने जिंकले. त्या विजयी चमूत आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता. अनिकेत पुणे एफसीच्या अकादमीत शिकलेला, २०१७ साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात देशाकडून खेळलेला. म्हणजे पोरगा कोल्हापूरचा, शिक्षण पुण्याचे, आणि चषक हैदराबादचा. पुण्याकडे सगळे होते. धीर नव्हता.

पण कौतुक करून थांबलो तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. पुढच्या हंगामातही हैदराबाद दुसरे आले, नंतर पगार थकले. मार्केझ गेला, ओगबेचे गेला, पाठोपाठ एकेक चांगला खेळाडू गेला. २०२३-२४ मध्ये २२ सामन्यांत एकच विजय, ८ गुण, पुन्हा तळ. चषक उचलल्यापासून दोन वर्षांत ही अवस्था. आणि २०२५ साली तो संघ हैदराबादहूनही उठला आणि दिल्लीला जाऊन स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. पुणे, हैदराबाद, दिल्ली. भाड्याच्या खोल्या बदलणाऱ्या माणसासारखा संघ गावे बदलत फिरतो आहे, आणि प्रत्येक गावात चाहत्यांच्या घरी एकेक रंगीत जर्सी कपाटात पडून आहे. माझी नारिंगी तशीच आहे.

म्हणून संघ नव्याने उभारायचा म्हटले की लोक आधी विचारतात, कोणता खेळाडू आणायचा. मी म्हणतो, आधी पगाराचे बघा. खेळाडूला सात तारखेला पैसे मिळतात की नाही, अकादमीतल्या पोराच्या ताटात रोज अंडे आहे की नाही, घरी पाठवायला त्याच्याजवळ काही उरते की नाही. ज्या पोराची आई मजुरीला जाते त्याला 'नाव होईल, थोडा दम धर' म्हणून चालत नाही. दम धरायला घरात धान्य लागते. आपल्या वस्तीतली पोरे खेळ सोडतात ती कौशल्य कमी पडले म्हणून कमी, दुसऱ्या महिन्याचा पैसा आला नाही म्हणून जास्त. त्यानंतर प्रशिक्षकाला निदान तीन वर्षे. आणि डावपेच, चार बचावाला की तीन, हे त्याचे काम. त्यात आपण चाहत्यांनी फार नाक खुपसू नये, जरी मी खुपसतोच.

दुसरी गोष्ट पोरे शोधण्याची. नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ साली झोपडपट्टीतल्या मुलांना चेंडू देऊन जे सुरू केले, ते नागराज मंजुळेंच्या २०२२ च्या 'झुंड' मुळे घराघरांत पोचले. कामठीला तर फुटबॉल जुना. म्हणजे विदर्भात माती आहे. पण व्यावसायिक संघाचा निवड करणारा माणूस यवतमाळच्या पुढे उतरून आर्णी, दिग्रस, माहूरकडे आला, असे मी तरी पाहिले नाही. पुण्या-मुंबईच्या शाळांतून पोरे निवडली म्हणजे महाराष्ट्र पाहिला, असा यांचा समज असतो. जो फी भरून अकादमीत येऊ शकतो तोच त्यांच्या नजरेला पडतो. गुणवत्ता अशी आधीच दाराबाहेर राहते. दाराबाहेर राहणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना मी काय सांगू?

तिसरी गोष्ट मात्र मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिचे उत्तर कोल्हापुरात आहे. राजर्षींच्या त्या नगरीशी आपले नाते माणगाव परिषदेपासूनचे, १९२० चे. तिथे पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या तालमींचे फुटबॉल संघ आहेत. शाहू स्टेडियमवर त्यांचा सामना असला की पेठेतली दुकाने ओस पडतात. कधीकधी ईर्ष्या इतकी वाढते की मारामाऱ्या होतात, दगड येतात. ते वाईटच, त्याची बाजू मी घेणार नाही. पण पिढ्या गेल्या तरी हे संघ उभे आहेत. का? पाटाकडीलचा संघ कोणी उचलून हैदराबादला नेऊ शकेल काय? तो पेठेचा आहे. तिथला म्हातारा वर्गणी देतो, त्याचा नातू खेळतो, सून गॅलरीत उभी राहून ओरडते. मालक एकच असता तर त्याच्या धंद्याबरोबर संघही बुडाला असता.

विलायतेतही हेच घडले. लंडनच्या विम्बल्डन गावाचा जुना फुटबॉल क्लब मालकांनी मिल्टन किन्स नावाच्या दूरच्या शहरात नेण्याचे ठरवले आणि २००२ साली त्याला परवानगीही मिळाली. चाहते चिडले, रडले, आणि मग काही आठवड्यांत त्यांनी स्वतःचा क्लब काढला, एएफसी विम्बल्डन. गावच्या मोकळ्या माळावर निवड चाचणी ठेवली, दोनशेहून जास्त लोक आले. सुरुवात अगदी खालच्या, नवव्या पायरीच्या लीगपासून. २०११ साली, नऊ वर्षांत, तो क्लब वर चढून इंग्लंडच्या चार मुख्य विभागांच्या लीगमध्ये पोचला. क्लबची सूत्रे चाहत्यांच्या न्यासाकडे. बार्सिलोनाचा एवढा मोठा क्लब, तोही सभासदांचाच.

हे वाचून कोणी म्हणेल, साहेबांच्या देशात ठीक, आपल्याकडे वर्गणीवर कुठे संघ चालतो? माझे उत्तर असे की आपला समाज वर्गणीशिवाय कशावर चालला? गावोगावचे विहार कोणत्या उद्योगपतीने बांधले? दहा-वीस रुपयांच्या पावत्या फाडून, बायांनी कापूस वेचलेल्या मजुरीतून देऊन ते उभे राहिले. हिशेब फळ्यावर लिहिला जातो, चूक झाली की भर सभेत विचारणारा उभा राहतो. पुण्यात उद्या नवा व्यावसायिक संघ निघाला, आणि निघावा अशी माझी फार इच्छा आहे, तर मोठा मालक असू दे, त्याच्याशिवाय इतका खर्च झेपणार नाही. पण काही हिस्सा चाहत्यांचा असावा, चाहत्यांचे दोन प्रतिनिधी कारभारात असावेत, आणि गाव बदलायचे किंवा संघ मिटवायचा तर त्यांच्या संमतीशिवाय ते होऊ नये. अकादमीतल्या पोरांच्या नावाने एक वर्षाचा खर्च आधीच बँकेत बाजूला ठेवावा, म्हणजे शटर पडले तरी पोरगा शाळेचे वर्ष पूर्ण करून घरी येईल. २०२५ साली तर हक्कांच्या करारावरून सगळी लीगच अडकून पडली होती. मोठ्या संघांची ही गत, तर लहान अकादमीतल्या पोराचा वाली कोण?

हे सगळे मी त्या माउलीला मागच्या महिन्यात सांगितले. तिने शांतपणे ऐकले. मुलगा आता मालवाहू गाडी चालवतो आणि सकाळी सहा वाजता शाळेच्या मैदानावर वस्तीतली पंचवीस-तीस पोरे गोळा करतो. त्यात सात मुली आहेत. दोन फाटके चेंडू आणि गोलाला दगड.

"मंग भाऊ, पुन्याचं पुन्यावाले पाहतीन," ती म्हणाली, "आपल्या पोट्ट्याइचं काय?"

मी म्हणालो, घरटी महिन्याला वीस रुपये काढू. ती म्हणाली, पैसे गड्यांच्या हाती द्यायचे नाहीत, वही बाया ठेवतील. मी हो म्हटले. परवा वंदनेनंतर तिने वही आणून दाखवली. पहिल्या पानावर एकेचाळीस घरांची नावे, माझ्या नावापुढे 'बाकी' असे लिहिलेले, आणि खाली खर्चाच्या रकान्यात दोनच ओळी: चेंडू दोन, पंप एक.