आपला निबंध आपणच लिहायचा

२०२५ च्या जानेवारीत समाजमाध्यमांवर एक वाद पेटला. फातिमा शेख नावाची शिक्षिका कधी होऊनच गेली नाही, हे नाव अलीकडे रचलेले आहे, असा दावा झाला. उत्तर देणाऱ्यांनी सावित्रीबाई फुले यांचे १० ऑक्टोबर १८५६ चे पत्र पुढे केले. आजारपणामुळे माहेरी राहिलेल्या सावित्रीबाई त्यात जोतीरावांना लिहितात आणि आपल्या मागे फातिमेवर कामाचा भार पडत असेल याची काळजी करतात. पुरावा आहे, पण तो ओळभराचा आहे आणि तीही दुसऱ्याच्या हातची. फातिमाबाईंनी स्वतः लिहिलेले काही आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही.

त्याच फुले दांपत्याच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मांग समाजातली मुलगी शिकत होती. वय जेमतेम चौदा. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि १८५५ साली तो ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात दोन भागांत छापून आला. आपल्या लोकांना धर्मग्रंथ वाचण्याचाही अधिकार नसेल तर आपला धर्म कोणता, असे ती विचारते. बाळंत होणाऱ्या बायकांच्या डोक्यावर छप्पर नसते, हे सांगते. मुक्ता होऊन गेली की नाही, असा वाद कुणी घालत नाही. पावणेदोनशे वर्षे होत आली, तिचा निबंधच तिच्या बाजूने उभा आहे.

शाळेतला निबंध म्हणजे दहा गुणांचा प्रश्न, असे समजणाऱ्या प्रत्येक मित्र-मैत्रिणीला मला हे दोन दाखले शेजारी शेजारी ठेवून दाखवायचे आहेत. जो आपले लिहून ठेवत नाही, त्याच्याविषयी दुसरे लिहितात. आणि दुसऱ्यांनी नाही लिहिले, तर तो नव्हताच, असेही म्हणता येते.

मी पुसेगावचा. साताऱ्याच्या नव्हे, हिंगोली जिल्ह्यातल्या, सेनगाव तालुक्यातल्या. संध्याकाळी गल्लीतली आठवी ते दहावीची मुले माझ्याकडे अभ्यासाला बसतात. ‘माझा आवडता सण’ हा विषय दिला की बहुतेक वह्यांत दिवाळी उतरते. अभ्यंगस्नान, उटणे, आकाशकंदील, सगळे गाइडमधल्या क्रमाने. दिवाळीवर लिहिण्यात वावगे काहीच नाही. पण शेजारच्या काकूंकडून आपल्या घरी फराळाचे ताट येते आणि ईदला आपला शिरखुर्मा त्यांच्याकडे जातो, हे एकाही वहीत नसते. मुलाने जे जगले ते गाळले आणि जे कधी केले नाही ते लिहिले. गुण मिळाले, पण त्याचे घर त्याच्याच वहीतून बाहेर राहिले.

व्यापारावरचा निबंध घ्या. मोंढ्यात हमाली करणाऱ्या बापाच्या मुलाने लिहिले, ‘व्यापार हा देशाच्या अर्थव्यवस्थेचा कणा आहे.’ त्याला म्हटले, वही मिट आणि मला हिंगोलीची हळद सांग. मग तो सांगत सुटला. शिजवून, वाळवून, पॉलिश केलेल्या हळदीचे कांडी आणि गट्टू वेगळे होतात, दोन्हींचा भाव वेगळा लागतो. बीट सुरू झाले की व्यापारी कसे बोली लावतात. शेवटी म्हणाला, हळद कितीही महाग झाली तरी अब्बाची हमाली पोत्यामागे तेवढीच असते. नफा कुणाला आणि मेहनत कुणाची, हा अर्थशास्त्रातला मोठा प्रश्न त्याने एका वाक्यात मांडला होता. गाइडमध्ये ते वाक्य नाही, कारण गाइड लिहिणारा मोंढ्यात पोती उचलत नाही.

आता गाइडची जागा मोबाईल घेतो आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले आणि निबंध मागितला की मिळू लागला. आमच्या मुलांनी एकदा ‘माझे गाव पुसेगाव’ असा निबंध मागवला. आला तो सेवागिरी महाराजांच्या यात्रेचा, म्हणजे साताऱ्याच्या पुसेगावचा. मुले हसली. मला मात्र त्यात धोक्याची सूचना दिसली. हे यंत्र जे आधी लिहिले गेले आहे त्यावरच शिकते. ज्या पुसेगावविषयी भरपूर लिहिले गेले, ते त्याला ठाऊक आहे. आमच्याविषयी लिहिलेले थोडे, म्हणून आमचे गाव त्याच्या लेखी दुसऱ्याच गावात मिसळून जाते. गावाचे जे होते तेच समाजाचेही होईल. मराठी मुसलमानांनी आपले जगणे मराठीत लिहिले नाही, तर उद्याची यंत्रे आपल्याविषयी इतरांनी लिहिलेलेच सांगतील.

मोबाईलवर बंदी घाला, असे मी म्हणत नाही. ज्या घरात मराठी पुस्तक नाही, तिथल्या मुलीला ऱ्हस्व-दीर्घ तपासायला त्याची मदत होत असेल तर जरूर घ्यावी. फक्त पहिला खर्डा आपल्या हाताचा असावा.

मराठी ही आपली भाषाच नाही, मग तिच्यात कशाला मेहनत घ्यायची, असे काही तरुण विचारतात. घरात दखनी, शाळेत मराठी, तकरीरीत उर्दू, ही आपली रोजची तीन घरे आहेत. त्यातले एकही परके नाही. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, उर्दू ही सरकारी भाषा होती आणि इथल्या अनेक हिंदू आजोबांनीही उर्दूतच शिक्षण घेतले. दुसरीकडे बाजार, दुकान, नफा, हिशेब, अर्ज, वकील हे फारसी-अरबीतून आलेले शब्द वगळून मराठीत मोंढा चालवून दाखवा! श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. नामदेवांचे म्हणून ओळखले जाणारे नरसी आमच्याच जिल्ह्यात आहे. मराठीत लिहिण्यासाठी आपल्याला कुणाची परवानगी नको.

‘निबंधाने पोट भरत नाही, मुलांना कॉम्प्युटर शिकवा,’ हा आक्षेप मी अनेक पालकांकडून ऐकतो. त्यांची काळजी खरी आहे. पण केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत निबंधाची २५० गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते आणि ती मराठीतूनही लिहिता येते. तिथे पाठांतर फार पुढे नेत नाही. आणि अधिकारी होणे सोडून द्या. रेशनकार्डात चुकलेले नाव, अडकलेली शिष्यवृत्ती, पीकविम्याची तक्रार, या प्रत्येक ठिकाणी अर्ज लागतो. काय घडले, कधी घडले, मला काय हवे आणि का, हे चार परिच्छेदांत सांगता येणे म्हणजेच अर्ज. तोच निबंधाचा सांगाडा आहे. ज्याला तो जमतो, त्याला तहसीलच्या दारात पन्नास रुपये देऊन दुसऱ्याकडून आपले दुःख लिहून घ्यावे लागत नाही.

म्हणून तरुण वाचकांकडे एक मागणे आहे. तुमच्या गल्लीत, मशिदीच्या खोलीत, वाचनालयात किंवा कुणाच्या ओसरीवर आठवड्यातून एक तास पाच मुले बसवा. विषय जवळचे द्या: आईच्या शिलाई मशीनचा हिशेब, वडिलांच्या मोबाईलवर येणारा हळदीचा भाव, नानीच्या दखनीतले मराठी शब्द, मोहरममध्ये सवारीला हात लावणारे गावातले हिंदू शेतकरी. मुलींच्या वह्या आधी वाचा, कारण त्यांना विचारणारे कमी असतात. चुका लाल शाईने मोजू नका. आधी विचारा, ‘हे तू स्वतः पाहिलेस का?’ चांगले पान भिंतीवर लावा, म्हणजे गल्ली वाचेल.

मुक्ताच्या हाती पुस्तके किती असतील? शाळेत तिला तीन वर्षेच झाली होती, असे सांगतात. तिने आपल्या वस्तीत जे पाहिले ते लिहिले. आपल्या मुलांकडे पाहिलेले भरपूर आहे. ते कागदावर उतरवायला त्यांना कुणीतरी सांगितले पाहिजे, आणि ते कुणीतरी म्हणजे तुम्ही-आम्हीच.