साठीनंतरचा पहिला पवित्रा

घरातील ज्येष्ठ व्यक्ती एकदा न्हाणीघरात किंवा उंबऱ्याशी पडली, की त्या घराची भाषाच बदलते. ‘उठू नका, मी आणून देते’, ‘जिना नको’, ‘बागेत एकट्याने नको.’ या बोलण्यामागे जिव्हाळाच असतो. परंतु न चालणाऱ्या पायांतील बळ ओसरत जाते, तोल सावरण्याची सवय मोडते आणि पुढच्या पडण्याची तयारी नकळत घरातच होऊ लागते. भीतीमुळे हालचाल कमी होते आणि हालचाल कमी झाल्याने भीती वाढते. या फेऱ्यातून बाहेर नेणाऱ्या एका काहीशा अनपेक्षित वाटेविषयी, म्हणजे युद्धकलेविषयी, आज आपल्याशी बोलायचे आहे.

‘आता, या वयात?’ असे आपण म्हणाल. आपल्या पिढीच्या मनात युद्धकला म्हटले की तालीम, लाल माती, लाठी आणि वस्तादांचा दरारा उभा राहतो. आपल्या वाचक भगिनींपैकी बहुतेकींना तर त्या तालमीचा उंबराही ओलांडता आला नसेल. मात्र सत्तरीतील माणसानेही नव्याने आरंभ करावा, अशी एक युद्धकला चीनमध्ये घडली आहे. ती म्हणजे ताई-ची. तिचे पूर्ण नाव ताई-ची-च्वान, आणि त्यातील ‘च्वान’ या शब्दाचा अर्थ मूठ. पहाटे बागेत संथपणे हात फिरवणारी मंडळी पाहून हा एखादा नृत्यप्रकार वाटतो; परंतु त्या प्रत्येक हालचालीत कोणाला तरी अडवणे, वळवणे वा ढकलणे दडलेले असते. हेनान प्रांतातील चेन कुळाच्या गावाशी या कलेचा उगम जोडला जातो. 1956 मध्ये चीनच्या क्रीडा विभागाने सर्वसामान्यांसाठी तिचा 24 हालचालींचा संक्षिप्त क्रम तयार केला. जगभरातील नवशिके आजही बहुधा त्यापासूनच सुरुवात करतात. तो पूर्ण करायला पाच-सहा मिनिटे पुरतात. नीट शिकायला मात्र कित्येक महिने लागतात.

तिचे मर्म पावलात आहे. घाईने चालताना आपण शरीराचा भार पुढच्या पायावर अक्षरशः टाकून देतो. तेथे चटई दुमडलेली असली वा फरशी ओली असली, तर सावरायला अवधी उरत नाही. ताई-चीमध्ये पुढचा पाय आधी रिकामा ठेवतात. टाच टेकते, तळवा जमिनीचा अंदाज घेतो आणि मगच भार हळूहळू पुढे जातो. काळोखात जिना उतरताना आपण पायरी चाचपतो, तसेच काहीसे. ‘माकडाला मागे सारणे’ अशा गमतीदार नावाच्या हालचालीत पावले मागे टाकायची असतात. फ्रिजचे दार उघडताना वा खुर्चीवर बसायला वळताना आपण असेच मागे सरकतो, आणि तेथेच तोल जातो, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या माकडाची उपयुक्तता वेगळी सांगायला नको. ‘सोनेरी कोंबडा’ एका पायावर उभा राहतो. उभ्याने पायजमा चढवताना तोच कामी येतो.

याची रीतसर तपासणीही झालेली आहे. अमेरिकेतील ओरेगन येथे 70 ते 92 वर्षांच्या 256 बैठ्या ज्येष्ठांना सहा महिने, आठवड्यातून तीनदा, काहींना ताई-ची तर काहींना केवळ अंग ताणण्याचे व्यायाम देण्यात आले. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार ताई-ची करणाऱ्यांत वारंवार पडण्याचा धोका 55 टक्क्यांनी कमी आढळला. 2012 मध्ये पार्किन्सनच्या 195 रुग्णांवरील अभ्यासातही तोल सुधारल्याचे दिसले.

तरीही माझ्या मते आकड्यांहून मोठी गोष्ट गोडीची आहे. ‘ओट्याला धरून दहा वेळा टाचा उचला’ हा सल्ला उत्तम असतो. पण औषधासारखा सांगितलेला व्यायाम औषधासारखाच टाळला जातो. कलेचे तसे नसते. तिच्यात ‘यापुढे काय?’ ही उत्सुकता असते. पहिले काही आठवडे डावे-उजवे चुकते, हात आठवतात तेव्हा पाय विसरतात, आणि मुलाच्या वयाच्या शिक्षकाला ‘सर’ म्हणावे लागते. आयुष्यभर इतरांना शिकवत आलेल्या माणसाला हे विद्यार्थीपण प्रथम अवघडवते. मग एके दिवशी चहा उकळेपर्यंत स्वयंपाकघरात दोन हालचाली न अडखळता जमतात, आणि त्या कोणाला तरी दाखवाव्याशा वाटतात. शेवटचे केव्हा असे वाटले होते, ते स्वतःलाच विचारून पाहावे.

ज्युदोमध्ये पडण्याचेच शास्त्र शिकवतात. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोत स्थापलेल्या त्या परंपरेत नवशिक्याचा पहिला धडा सुरक्षितपणे पडण्याचा असतो. मात्र हाडे ठिसूळ झालेल्यांनी तो घरी करून पाहू नये, हे निक्षून सांगते.

ताई-चीलाही विचारपूर्वकच आरंभ करावा. भोवळ, हृदयविकार, गुडघा वा खुब्याची शस्त्रक्रिया, मणक्याचा अस्थिभंग यांपैकी काही असल्यास आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे एकदम उठताना अंधारी येत असेल, तर तेही सांगावे. गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ देऊ नये, श्वास कोंडू नये आणि आरंभी पाठीची मजबूत खुर्ची हाताशी ठेवावी. उभे राहणे कठीण असेल, तर बसूनही पुष्कळ काही करता येते.

काळजी घेणाऱ्यांना एकच विनंती. दंड धरून ठेवू नका. हाताच्या अंतरावर उभे राहा, म्हणजे तोल सावरण्याचे काम त्यांच्या पायांना करता येईल. जमल्यास बरोबरीने शिका. आणि वर्ग निवडताना पाहा: शिक्षकांनी पहिल्याच दिवशी जुनी दुखणी आणि चालू औषधे विचारली नाहीत, तर दुसरा वर्ग शोधावा.