पाच वर्षांपूर्वीच्या ठरावाचे पुढे काय झाले?

प्रति,
माननीय अध्यक्ष,
भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ (सेबी),
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई



पावसाळा सुरू झाला की कंपन्यांचे वार्षिक अहवाल येऊ लागतात. बहुतेक अहवालांत एक परिच्छेद ठरलेला असतो. संचालक मंडळ, त्याच्या समित्या आणि प्रत्येक संचालक यांच्या कामगिरीचे मूल्यमापन विहित निकषांनुसार झाले, आणि मंडळाने समाधान व्यक्त केले, अशा आशयाचा. कंपनी बदलते, वर्ष बदलते, परिच्छेद बदलत नाही. समाधान कशाबद्दल, उणे काय निघाले, त्यावर काय केले, यातले काहीच माझ्यासारख्या किरकोळ भागधारकाला कळत नाही. हे पत्र त्या परिच्छेदाबद्दल आहे.

दोष एकट्या कंपन्यांचा नाही. 2013 च्या कंपनी कायद्याचे कलम 134 एवढेच विचारते की मूल्यमापन कोणत्या रीतीने केले. त्यातून काय निघाले, हे ते विचारत नाही. आपल्या कार्यालयाने 5 जानेवारी 2017 रोजी या विषयावर एक मार्गदर्शक टिपण काढले. त्यातले प्रश्न चांगले आहेत. पुढे कंपन्यांच्या कारभारावर आपण नेमलेल्या उदय कोटक समितीच्या अहवालानंतर, 10 मे 2018 च्या परिपत्रकात आपण नेमके बोट ठेवले. यंदाच्या मूल्यमापनातली निरीक्षणे, गेल्या वर्षीच्या निरीक्षणांवर केलेली कारवाई आणि पुढे काय करणार, या तीन गोष्टी कंपन्यांनी जाहीर करण्याचा विचार करावा, असे त्यात म्हटले आहे. विचार करावा! कंपन्यांनी विचार केला असणार, आणि बहुतेकांनी नको असे ठरवले असणार.

आता हे मूल्यमापन करते कोण? मंडळातले सदस्यच एकमेकांचे. स्वतंत्र संचालकाला दुसरी मुदत द्यायची की नाही हे त्याच्या मूल्यमापनावर ठरवावे, असे कायद्याची चौथी अनुसूची सांगते. म्हणजे आज मी शेजारच्या खुर्चीला गुण द्यायचे, उद्या ती खुर्ची मला देणार, आणि दोघांच्या नेमणुकीमागे बहुतेक वेळा प्रवर्तकांची मते. ‘अहो रूपम् अहो ध्वनिः’ याहून वेगळे काय घडावे?

तरी माझी मुख्य तक्रार ही नाही. समजा, सगळ्यांनी अगदी प्रामाणिकपणे गुण दिले. ते कशाचे? हजेरीचे, तयारीचे, चर्चेतल्या सहभागाचे, समित्यांच्या रचनेचे. आता कोणत्या संचालकाकडे कोणते कौशल्य आहे याचा तक्ताही छापावा लागतो. त्यात वित्त, तंत्रज्ञान, नेतृत्व, जोखीम अशा रकान्यांत बरोबरच्या खुणांची अशी रांग असते की, इतकी गुणी माणसे एका टेबलाभोवती बसल्यावर कंपनी बुडतेच कशी, असा प्रश्न पडावा.

पण बुडते. सत्यम कॉम्प्युटर्सच्या मंडळात हार्वर्डचे प्राध्यापक होते, माजी कॅबिनेट सचिव होते, हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे अधिष्ठाता होते. कौशल्यांचा तक्ता तेव्हा असता तर पहिला नंबर ठरलेला. सप्टेंबर 2008 मध्ये तर कंपनीला उत्तम कारभारासाठी ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कारही मिळाला. त्याच मंडळाने 16 डिसेंबर 2008 रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या कुटुंबाच्याच मायटास नावाच्या दोन कंपन्यांत सुमारे 160 कोटी डॉलर घालायला मंजुरी दिली. संगणक प्रणाली विकणाऱ्या कंपनीने जमीनजुमला आणि बांधकामाचा धंदा विकत घ्यायचा, तोही अध्यक्षांच्या घरातला, आणि ठरावाच्या विरोधात एकही मत नाही. त्या रात्री अमेरिकी बाजारात सत्यमचा भाव निम्म्याहून खाली आला आणि काही तासांतच व्यवहार मागे घ्यावा लागला. मंडळाला जे दिसले नाही ते भागधारकांना दिसले. तीन आठवड्यांनी, 7 जानेवारी 2009 रोजी, हिशेब खोटे असल्याची कबुली देणारे राजूंचे पत्र आले.

एन्रॉनची कथा याच वळणाची. दाभोळच्या प्रकल्पामुळे मराठी वाचकाला ती कंपनी कोण हे सांगावे लागत नाही. ‘चीफ एक्झिक्युटिव्ह’ या अमेरिकी नियतकालिकाने 2000 साली एन्रॉनच्या मंडळाला देशातल्या उत्तम पाच मंडळांत बसवले होते. लेखापरीक्षण समितीचे प्रमुख स्टॅनफर्डचे लेखाशास्त्राचे प्राध्यापक. आणि याच मंडळाने आदल्याच वर्षी स्वतःची आचारसंहिता बाजूला ठेवून वित्त अधिकारी अँड्र्यू फास्टो यांना एन्रॉनशीच व्यवहार करणारी खासगी भागीदारी चालवू दिली होती. डिसेंबर 2001 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. हजेरी, पदव्या, समित्या यांत खोट काढायला जागा नव्हती. खोट निर्णयात होती, आणि निर्णय कोणी मोजला नव्हता.

हजेरी मोजू नये असे माझे म्हणणे नाही. आयएल अँड एफएस या पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या कंपनीचे तेव्हाचे मुख्यालय आपल्या सेबी भवनापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. सुमारे 91,000 कोटींचे कर्ज अंगावर असताना तिचे मंडळ सरकारला ऑक्टोबर 2018 मध्ये बरखास्त करवून घ्यावे लागले. 2015 ते 2018 या काळात तिथली जोखीम व्यवस्थापन समिती एकदाच बसली होती, हे नंतर बाहेर आले. नुसत्या बैठका मोजल्या असत्या तरी पुरे होते.

तेव्हा माझी मागणी अशी. दरवर्षी प्रत्येक सूचिबद्ध कंपनीच्या मंडळाने पाच वर्षांपूर्वीचे आपले मोठे ठराव पुन्हा उघडावेत. एखाद्या कंपनीची खरेदी, मोठा कारखाना, प्रवर्तकांच्या नात्यातला व्यवहार, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची निवड. तेव्हा भागधारकांना काय सांगितले होते, प्रत्यक्षात काय झाले आणि फरक का पडला, हे वार्षिक अहवालात एका पानात लिहावे. टाटा स्टीलने 2007 मध्ये युरोपातली कोरस सुमारे 1,200 कोटी डॉलरना घेतली तेव्हा देशभर कौतुक झाले. 2016 मध्ये त्या खरेदीतला एक व्यवसाय नाममात्र एका पौंडाला विकावा लागला. यात मंडळाची चूक होती असा माझा निवाडा नाही. खरेदीनंतर पुढच्याच वर्षी आलेली जागतिक मंदी भल्याभल्यांना दिसली नव्हती. पण मंडळाची पारख कशी होती हे कळायचे तर अशाच निर्णयांकडे मागे वळून पाहावे लागेल. हात वर करणाऱ्याने नंतर हिशेब दिला पाहिजे, एवढेच.

सोबत दोन आकडे द्यायला सांगा. व्यवस्थापनाने आणलेले किती प्रस्ताव मंडळाने वर्षभरात नाकारले किंवा फेरविचारासाठी परत पाठवले? आणि विषयपत्रिका सात दिवस आधी द्यायचा नियम असताना किती विषय ऐनवेळी टेबलावर आले? वर्षानुवर्षे एकही प्रस्ताव परत न पाठवणारे मंडळ फार भाग्यवान असेल किंवा झोपलेले असेल. कोणते, ते भागधारक ठरवतील.

ब्रिटनमध्ये 350 मोठ्या कंपन्यांना दर तीन वर्षांनी बाहेरच्या तज्ज्ञाकडून मंडळाचे परीक्षण करून घेण्याचा संकेत आहे. आपणही तो आणावा, असे बरेच जण सुचवतात. आणा, पण त्या तज्ज्ञाची फी तेच मंडळ भरणार आहे, हे विसरू नका. माझ्या लेखी तो उपाय दुय्यम आहे.

यावर आक्षेप येईल तो ठाऊक आहे. निष्कर्ष जाहीर होणार म्हटल्यावर संचालक मोकळेपणाने बोलणार नाहीत. वैयक्तिक गुणांबद्दल हे खरे आहे, आणि म्हणून ते मी मागतच नाही. कोण काय बोलले तेही नको. मला ठरावाचे फलित हवे आहे, आणि ठराव सगळ्या मंडळाचा असतो. लेखापरीक्षकांचा अहवालही असाच साचेबंद असायचा. एप्रिल 2018 पासूनच्या वर्षांसाठी त्यांना परीक्षणातले कळीचे मुद्दे उघड लिहावे लागतात. आभाळ कोसळले नाही. स्वतंत्र संचालकाचे राजीनामापत्र पूर्ण प्रसिद्ध करण्याचा नियम 2022 पासून आपणच लागू केला. संचालक का गेला हे सांगणे सक्तीचे, आणि खुर्चीवर असताना त्याने काय निभावले हे सांगणे मर्जीचे, ही विसंगती आता काढून टाकायला हवी.

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. 2018 च्या परिपत्रकातल्या तीन गोष्टी ऐच्छिक न ठेवता सूचिबद्धतेच्या विनियमांत सक्तीच्या करा आणि त्यांत चौथी जोडा, पाच वर्षांपूर्वीच्या ठरावांची. सुरुवात बाजारमूल्याने पहिल्या 100 कंपन्यांपासून केली तरी चालेल. पुढच्या पावसाळ्यात येणाऱ्या अहवालांत तो ठरलेला परिच्छेद दिसू नये, ही विनंती.

कळावे,
आपला विश्वासू,
एक भागधारक