भवन नको, बगीचा मागू या

मागच्या रविवारी आम्ही घरच्या मंडळींसह शाही किल्ल्यात गेलो होतो. बुऱ्हाणपुरात सारा जन्म गेलेल्या माणसाने किल्ल्यात जावे यात सांगण्यासारखे काय, असे कोणी म्हणेल. पण आम्ही किल्ला बघायला गेलो नव्हतो, नुसते बसायला गेलो होतो. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना पॉवरलूमचे कारखाने आहेत. त्यांच्यावर शेकडो घरे चालतात, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही. पण ती खटखट दिवसरात्र ज्याच्या कानांवर पडते त्यालाच शांततेची किंमत ठाऊक.

तिकिटे काढून आत गेलो आणि सावली पाहून हिरवळीवर टेकलो. एका बाजूला पडके महाल, खाली तापीचे पात्र. हमामाचे रंगीत छत बघायला बाहेरगावचे पाहुणे येत-जात होते. आई अर्धा तास काही बोलली नाही. गुडघे दुखतात हेसुद्धा नाही. मग म्हणाली, "कानाला बरं वाटलं रे." बस, एवढ्यासाठीच आलो होतो.

सूर्यास्त झाला, पहारेकऱ्याने शिट्टी वाजवली आणि सगळे उठले. यात त्या बिचाऱ्याची चूक नाही आणि त्याच्या खात्याचीही नाही. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातली संरक्षित वास्तू आहे. तिथली हिरवळ वास्तूच्या शोभेसाठी राखलेली आहे, आपल्या आईच्या गुडघ्यांसाठी नव्हे. म्हणजे शहराच्या पोटातली जी सर्वांत शांत जागा, ती आपण उसनी वापरतो. तिकीट काढून वापरतो, आणि आपल्याला सवड मिळते नेमक्या त्याच वेळी ती बंद होते. बँकेतून सुटायला आम्हाला सात वाजतात. लूमवरच्या कारागिराची पाळी सुटते तेव्हा तर अंधारच पडलेला असतो. मे महिन्यात भर दुपारी बगीच्यात कोण बसणार?

गंमत अशी की हे शहर एकेकाळी बागांचेच होते. लालबाग म्हटले की आज रेल्वे स्टेशन आठवते, पण नावात बाग उरली आहेच. तापीपलीकडे जैनाबादला आहुखाना आहे, म्हणजे हरणांची बाग. १७ जून १६३१ रोजी मुमताज महल आपल्या शहरात वारली तेव्हा तिला आधी तिथेच पुरले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस तिचा देह आग्र्याला नेला, आणि ताजमहालाचे नाव झाले ते तिकडे. सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी कोणत्याही यंत्राशिवाय शहरापर्यंत आणणारा कुंडी भंडारा १६१५ च्या सुमारास खानखानाच्या काळात तयार झाला. चारशे वर्षांपूर्वी ज्यांना एवढे जमले त्यांचे आपण वारस, आणि आपल्याला चार बाके आणि दोन दिवे जमत नाहीत!

शहरात दुसरे बगीचे नाहीतच असे आमचे म्हणणे नाही. पण आमच्या वसाहतीचेच घ्या. प्लॉट घेताना नकाशावर हिरव्या रंगाचा चौकोन दाखवला होता. आज त्या चौकोनात मोटारी उभ्या राहतात आणि लग्नसराईत मांडव पडतो. तुमच्याही वसाहतीचा नकाशा कपाटातून काढून पाहा.

आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे, हिशेब केल्याशिवाय झोप येत नाही. केंद्र सरकारच्या नगरनियोजनाच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा धरली आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या दोन लाख दहा हजारांवर होती. दहाच्या हिशेबानेही २१० हेक्टर, म्हणजे पाचशे एकरांच्या वर जागा हवी. इतकी कोणी देणार नाही, हे आम्हालाही कळते. पण खातेवहीत येणे काय आहे ते लिहून तरी ठेवावे.

आणि हे येणेच आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ साली लागू झाली, तिच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवायच्या कामांत उद्याने, बगीचे आणि खेळाची मैदाने स्पष्ट लिहिली आहेत. लाखावर वस्तीच्या शहरांसाठी २०१५ साली आलेल्या अमृत योजनेतही बगीच्यांसाठी वेगळी तरतूद होती. तेव्हा पार्षद बगीच्याचे उद्घाटन करून हार घालून घेतात, तो हार खरे तर करदात्याच्या गळ्यात पडायला हवा.

आता थोडे कडू बोलतो. निवडणूक जवळ आली की प्रत्येक समाज एकच कागद घेऊन जातो : आमच्या समाजाला भवन हवे, त्यासाठी जागा द्या. आपणही गेलो आहोत. त्या कागदावर आमचीही सही आहे, नाकारत नाही. पुढाऱ्यालाही हे सोयीचे पडते. एक भवन दिले की एक समाज खिशात. भवनाला कुलूप असते, किल्ली अध्यक्षांकडे असते, आणि वर्षातले किती दिवस ते उघडते ते सर्वांना माहीत आहे. बगीच्यात मात्र मराठी, गुजराती, बोहरा, अन्सारी सगळ्यांच्या आया एकाच बाकावर बसतात. म्हणूनच तो कोणी मागत नाही. मते मोजता येत नाहीत ना!

आपल्या कार्यक्रमांत १६८१ ची मराठी फौजेची बुऱ्हाणपूरवरची स्वारी न चुकता येते. अभिमान हवाच. पण त्या फौजेला शहर लुटून निघून जायचे होते, आपल्याला इथेच राहायचे आहे. मुलेबाळे इथली, रेशनकार्ड इथले, मत इथले. मग मागणेही इथल्या सगळ्यांसाठी का नसावे?

आम्ही ज्ञापनाचा मसुदा तयार केला आहे. त्यात तीनच मागण्या आहेत. मंजूर नकाशांत बगीचा म्हणून दाखवलेल्या सर्व जागांची यादी नगर निगमाने फलकावर लावावी. त्यांपैकी शहराच्या मध्यभागातली एक तरी जागा रात्री नऊपर्यंत, दिवाबत्तीसह आणि तिकिटाविना उघडी ठेवावी. आणि तिथे मांडवाला परवानगी देऊ नये, आपल्या मंडळाच्या मांडवालाही नाही. या शेवटच्या वाक्यावर कार्यकारिणीत वाद होणार, हे आम्ही धरूनच चाललो आहोत.

ज्यांना सही करायची आहे त्यांनी येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता किल्ल्याच्या तिकीट खिडकीजवळ यावे. शिट्टी वाजेपर्यंत आम्ही आत हिरवळीवर आहोत. आईही येणार आहे.