किती झाल्या?

फलंदाज शून्यावर बाद झाला, की त्या शून्याची नोंद धावपुस्तकात कायमची होते. समालोचकाचे तसे नसते. त्याची वाईट रात्र कुठल्याच वहीत मांडली जात नाही. ती हवेवरून हजारो घरांत एकाच वेळी पोहोचते आणि विरून जाते. मैदानावरील चूक प्रेक्षकाला निदान दिसते तरी. नभोवाणीवर मात्र निवेदक सांगेल तेच घडलेले असते! त्याने चेंडू सीमापार धाडला की तो गेलाच. मग क्षेत्ररक्षकाने तो अलीकडेच अडवलेला का असेना.

अशा रात्रीची लक्षणे जुन्या श्रोत्याला चटकन ओळखू येतात. डोळा मागे पडतो आणि जीभ पुढे धावते. प्रेक्षकांचा गजर आधी ऐकू येतो. तो कशाबद्दल, हे आपल्याला मागाहून कळते. खेळाडूंच्या नावांची अदलाबदल होते. आणि मुख्य म्हणजे विशेषणे वाढतात. ज्याला नेमके दिसलेले नसते, त्याच्याच तोंडी प्रत्येक फटका ‘नयनरम्य’ असतो, असा माझा अनुभव आहे.

या व्यवसायातील एक फार गाजलेली चूक क्रिकेटमधली नव्हे, घोड्यांच्या शर्यतीतली आहे. अमेरिकेतील क्लेम मॅकार्थी हा नामांकित निवेदक. जो लुई आणि मॅक्स श्मेलिंग यांची १९३८ ची मुष्टियुद्धाची लढत त्यानेच श्रोत्यांना सांगितली होती. १९४७ साली बाल्टिमोरच्या प्रीकनेस शर्यतीत ऐन वळणावर गर्दी आड आली आणि घोडे क्षणभर दिसेनासे झाले. पुन्हा दिसले तेव्हा स्वारांच्या रंगांत त्याची गफलत झाली. ‘जेट पायलट’ जिंकला, असे त्याने जाहीर केले. जिंकला होता ‘फॉल्टलेस’, म्हणजे निर्दोष. दैवाने थट्टा करावी ती अशी! पण मॅकार्थीने सारवासारव केली नाही. तिथल्या तिथे चूक मान्य करून त्याने विजेत्याचे नाव दुरुस्त केले. मला त्या माणसाची थोरवी लुई–श्मेलिंग लढतीपेक्षा या दुरुस्तीत अधिक दिसते.

आपल्याकडे ए. एफ. एस. ऊर्फ बॉबी तल्यारखान यांनी १९३४ पासून मुंबईच्या सामन्यांचे धावते समालोचन एकहाती केले. उपाहार आणि चहापान सोडले, तर दिवसभर तोच आवाज. १९४८–४९ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ आला, तेव्हा एकाहून अधिक समालोचक असावेत असे आकाशवाणीचे मत पडले. ध्वनिक्षेपकाला वाटेकरी नको, म्हणून तल्यारखान बाजूला झाले. त्यांच्या वाणीचा पूर्ण आदर राखूनही वाटते, की आकाशवाणीचेच बरोबर होते. पाळीपाळीने बोलायचे असले, म्हणजे घसा बसलेल्या किंवा चित्त उडालेल्या माणसाला थोड्या वेळाने उठता येते. एकट्याने कुठे जावे? त्याची वाईट घटका दिवसभर चालते.

आम्हा सुरतकरांची अडचण आणखी निराळी होती. मुंबई येथून रेल्वेने सुमारे २६३ किलोमीटर. तिथल्या मध्यमलहरी सूर्य मावळला की लहरीपणा करू लागत. वातावरणाच्या वरच्या थरावरून परतणाऱ्या लहरी थेट येणाऱ्या लहरींत मिसळतात आणि आवाज भरती-ओहोटीसारखा चढतो, उतरतो. शेवटच्या सत्राचा आढावा ऐकावा, तर नेमके बाद होणाऱ्याचे नाव खरखरीत बुडून जाई. अशा वेळी रात्र निवेदकाची वाईट की आकाशाची, याचा निवाडा कोणी करावा?

तरीही ते मराठी समालोचन आम्ही सोडले नाही, आणि त्याचे कारण केवळ क्रिकेट नव्हते. बाळ ज. पंडित हे स्वतः महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळलेले. २०१५ साली ते गेले. त्यांच्यासारख्यांच्या तोंडून जे मराठी घरात येई, ते स्वयंपाकघरातल्या मराठीत नव्हते. गुजराती शाळेतून ‘दडो’, ‘दडो’ करीत आलेला मुलगा रेडिओपाशी बसला, की चेंडू, पायचीत, यष्टिचीत, निर्धाव षटक असे शब्द आपोआप उचली. कोणी शिकवावे लागत नसे. म्हणूनच एखादा निवेदक थकून अर्धे वाक्य इंग्रजीत टाकू लागला, की मुंबई-पुण्याच्या श्रोत्याला ते खटकलेही नसेल; आमच्या घरी मात्र मुलगा पुन्हा ‘आउट’वर येई.

थकलेल्या निवेदकाने काय करावे? विशेषणे गुंडाळून ठेवावी आणि धावफलक वाचावा. षटक संपले, धावा सांगा. गडी बाद झाला, पुन्हा सांगा. जवळच्याला ते पाल्हाळ वाटेल, पण लांबच्याला त्यातले निम्मेच ऐकू येते. घरातल्या वडीलधाऱ्या बाईंना क्रिकेटमधले ओ की ठो कळत नसे, तरी माजघरातून त्यांचा प्रश्न ठरलेला असे : “अरे, किती झाल्या?” बाद कोण झाले, फटका कसा होता, हे त्यांनी कधी विचारले नाही.