पुरस्कार म्हणजे न्याय नव्हे



आपल्या दुःखावर काढलेल्या चित्रपटास एखाद्या महोत्सवात पारितोषिक मिळाले की आपली छाती अभिमानाने फुगते. त्या अभिमानात गैर काहीच नाही. परंतु 'जगाने दखल घेतली, आता आम्हांस न्याय मिळाला' असे जे समाधान त्यापाठोपाठ मनात शिरते, ते घातक आहे. त्या समाधानाविरुद्ध मी आज तुमच्यापुढे फिर्याद मांडीत आहे.

प्रथम पुरावा पाहा. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची चपलांचा हार घालून विटंबना झालेली सकाळी उघडकीस आली. लोक निषेधार्थ रस्त्यावर जमले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला आणि दहा माणसे प्राणास मुकली. चारच दिवसांनी मुलुंडच्या झोपडपट्टीत राहणारे शाहीर विलास घोगरे यांनी ह्या दुःखाने आपली जीवनयात्रा संपविली. त्यांच्या आवाजाशी पूर्वीपासून परिचित असलेले आनंद पटवर्धन तेव्हापासून चौदा वर्षे चित्रण करीत राहिले आणि २०११ साली 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट पूर्ण झाला. काठमांडूच्या 'फिल्म साउथ एशिया' महोत्सवात त्यास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. २०१२ साली मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाने व हाँगकाँगच्या महोत्सवानेही त्याचा गौरव केला.

आता दुसऱ्या पारड्यात काय पडले? जमाव टँकर पेटवणार होता, म्हणून गोळ्या झाडाव्या लागल्या, असा पोलिसांचा बचाव होता. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने तो मानला नाही व गोळीबार असमर्थनीय ठरविला. तरीही हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्यास दोषी ठरवून जन्मठेप सुनावण्यास २००९ सालचा मे महिना उजाडावा लागला. त्यानंतर लवकरच अपिलात त्यास उच्च न्यायालयातून जामीनही मिळाला. वाचकहो, महोत्सवाच्या परीक्षकांनी आपला निकाल काही दिवसांत दिला, न्यायासनास बारा वर्षे लागली! परीक्षकांना दोष कसा देणार? त्यांच्या हाती मानचिन्ह होते, दंडशक्ती नव्हती. दोष आपला, की आपण मानचिन्हालाच निकालपत्र समजतो.

दुसरे उदाहरण चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' ह्या चित्रपटाचे. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्यास 'ओरिझोंती' विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे आणि पदार्पणातील चित्रपटाचे, अशी दोन पारितोषिके लाभली. पुढे त्यास राष्ट्रीय पुरस्कारात सुवर्णकमळही मिळाले. गटारात उतरणाऱ्या एका कामगाराच्या मृत्यूस एका लोकशाहिराचे गाणे कारणीभूत ठरले, असा आरोप ह्या कथेत आहे. शाहिराची भूमिका नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते व 'विद्रोही'चे संपादक वीरा साथीदार यांनी केली. २०२१ च्या एप्रिल महिन्यात करोनाने त्यांचे निधन झाले. ह्या चित्रपटात निकालाची वाट पाहणे हीच शिक्षा आहे. तारखेमागून तारीख पडते, जामीन मिळतो आणि पुन्हा अटक होते. आमच्या व्यवसायातील कोणीही प्रामाणिक मनुष्य हे अतिशयोक्त म्हणणार नाही.

मग चित्रपट व्यर्थ काय? मुळीच नाही. चित्रपट ही साक्ष आहे. परंतु साक्षीदाराचा सत्कार करून खटला जिंकता येत नाही. साक्ष योग्य वेळी, योग्य रीतीने, न्यायासनापुढे यावी लागते. ते काम चित्रपटकार करणार नाही, ते तुम्हांस करावयाचे आहे.

म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली : अनुसूचित जातींना पूज्य असलेल्या वस्तूची विटंबना हा २०१५ च्या दुरुस्तीपासून अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्यात पुतळा व तसबीर स्पष्टपणे समाविष्ट आहेत. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतील बौद्धांचा दर्जा कायम राखला आहे. तेव्हा 'धम्म स्वीकारला, आता हा कायदा आमचा नाही' असे कोणी सांगू लागल्यास त्यास बळी पडू नका. दुसरी : ह्याच कायद्याच्या कलम १५-अ प्रमाणे अशा खटल्याच्या कामकाजाचे चित्रीकरण झाले पाहिजे. ते मागा, आणि लेखी अर्ज करून मागा. तिसरी : घटनेचे चित्रण मोबाईलवर घेतले असेल तर मूळ फोन व मूळ फीत जपून ठेवा, तीत काटछाट करू नका, आणि कोणी, केव्हा, कोठे चित्रण केले ते त्याच दिवशी लिहून ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये प्रमाणपत्राशिवाय असे चित्रण न्यायालयात टिकणे कठीण असते.

बाबासाहेबांनी आपल्याला शिका म्हणून सांगितले, ते टाळ्या वाजविण्यासाठी नव्हे. आपल्या मुलामुलींनी हाती कॅमेरा घ्यावा, वकिलाचा काळा डगला अंगावर चढवावा आणि न्यायाधीशाच्या आसनावरही बसावे. आपल्या दुःखावरील पुढचा चित्रपट पारितोषिक घेऊन परत येईल, तेव्हा त्याचे स्वागत अवश्य करा. परंतु त्या सभेतच उभे राहून विचारा : ह्या चित्रपटातील खटला आज कोठवर आला आहे?